कुणालाही ओ देणारं कार्ड

मित्रांनो, मी बँकेचं एक जुनं कार्ड आहे. आता दोन तुकड्यांत आहे, सुयांच्या डब्यात पडून आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तरी मला चैन म्हणून पडत नाही. तेच तेच आठवत राहतं आणि वाटतं, एकदाचं कुणाला तरी सांगून टाकावं. मोठ्यांना सांगायला जावं तर त्यांना कायम घाई. तुम्ही जरा बसा. फार वेळ घेणार नाही.

माझा जन्म एका स्वच्छ कारखान्यात झाला. तिथे धूळ औषधालाही नव्हती. प्लॅस्टिकच्या पातळ थरांमध्ये त्यांनी केसासारखी बारीक तार वेटोळी घालून बसवली आणि समोर एक चकचकीत चिप लावली. त्या तारेमुळे मला यंत्राच्या पोटात शिरावं लागत नाही. चार बोटांवर नेलं तरी पुरतं. यंत्र विचारतं, "पैसे देतोस का?" मी म्हणतो, "देतो." टुण असा आवाज होतो आणि काम फत्ते. रक्कम लहान असली तर गुप्त नंबरसुद्धा कुणी विचारत नाही.

तेव्हा मला याचा कोण अभिमान होता! यातली मेख कळली ती फार उशिरा. अहो, मला हात ओळखता येत नाहीत. मालकाचा हात आणि परक्याचा हात, मला सगळे सारखेच. जो जवळ नेईल त्याला मी ओ देतो. नाही म्हणायचं म्हटलं तर मला तोंडच दिलेलं नाही.

मी ज्यांच्या नावानं छापला गेलो त्या बाई पुस्तकबांधणी करायच्या. सगळे त्यांना बाइंडरबाई म्हणत. पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. पुढच्या खोलीत पुठ्ठ्यांचे गठ्ठे, खळीचं पातेलं, पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, आणि एक लांबलचक टेबल. त्या टेबलावर काही ठेवलं की ते सापडेलच अशी खात्री नसे. बाईंचा हात मात्र देवानं सवडीनं घडवलेला. पानं सुटलेलं, पाठ मोडलेलं पुस्तक त्यांच्याकडे यायचं आणि आठवड्यानं ताठ मानेनं परत जायचं.

बाईंचे यजमान तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे बाईंचे दीर, बाईंबरोबरच राहत आणि काम करत. बाई त्यांना भाऊजी म्हणतात, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. पानांची शिलाई करावी तर भाऊजींनी. एकेकाळी त्यांना दारूचं व्यसन होतं. घरदार उधळून बसले होते म्हणतात. बाईंनीच त्यांना हाताला धरून टेबलाशी बसवलं, सुईदोरा दिला आणि बजावलं, "आता उठायचं नाही." सहा वर्षं झाली, भाऊजी थेंबाला शिवले नव्हते.

माझे ते दिवस सुखाचे होते. भाऊजी मला घेऊन कागद, दोरा, कापड आणायला जायचे. त्यांची एक सवय मला फार आवडायची. मला यंत्राजवळ नेण्याआधी ते यंत्रावरचा आकडा मोठ्यानं वाचायचे. एकदा कापडाच्या दुकानातल्या मुलीनं घाईत एक शून्य जास्त मारलं आणि यंत्र पुढे केलं.

"थांबा ताई, थांबा. आधी आकडा बघू द्या." भाऊजींनी वाचलं आणि हसले. "एवढ्यात तर तुमचं अख्खं दुकान शिवून देईन मी."

ती मुलगी ओशाळली. मला तेव्हा कळलं की मी कितीही चटपटीत असलो तरी मला धरणारा माणूस सावध हवा. मला कुठे आकडे वाचता येतात!

घरी आल्यावर मात्र माझी रवानगी टेबलावर व्हायची. त्यात बाईंची एक खोड. कागदाची घडी दाबायला त्यांच्याकडे हाडाची एक गुळगुळीत पट्टी होती. ती पडून मोडली. नवी आणू, नवी आणू म्हणेपर्यंत बाईंनी मलाच हाताशी धरलं. माझी कड सरळ, कोपरे गोल, घडी अशी बसायची की बघत राहावं. कागद घ्यायचा, मला फिरवायचं, बाजूला ठेवायचं. दिवसभर माझी तीच हमाली.

"वहिनी, निदान लागलेली खळ पुसून तरी देत जा," भाऊजी म्हणायचे. "काल कागदवाला विचारत होता, हे कार्ड तुम्ही जेवायला वापरता का म्हणून."

"त्याला म्हणावं, आमच्याकडे फुकट खाणारा कुणी नाही. कार्डसुद्धा राबतं," बाई म्हणायच्या.

दोघं खो खो हसत. मीही खूश. आपण पैसे देतो आणि वर कारागिरीही करतो, या तोऱ्यात मी होतो. पण खरं सांगू? माझी ठरलेली जागाच नव्हती. आज शिकंज्यावर, उद्या पुठ्ठ्याखाली. मी कुठे आहे हे कुणालाच नक्की माहीत नसे, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नसे. भाऊजींना दिसलो नाही तर ते समजत, वहिनींकडे असेल. बाईंना दिसलो नाही तर त्या समजत, भाऊजी घेऊन गेले असतील.

एका दुपारी एका निवृत्त मोजणीदारांचं नकाशांचं जाडजूड पुस्तक तयार होत आलं होतं. शेवटच्या अस्तराच्या कागदाची घडी तेवढी राहिली होती. ते न्यायला त्यांचे जावई आले, ठरल्या वेळेच्या तासभर आधी. बुटांना पॉलिश, हातात मोबाइल, पाय एका जागी ठरत नव्हता.

"झालं का? माझी बस आहे दहा मिनिटांत."

"झालंच, बसा ना," बाई म्हणाल्या आणि माझ्या कडेनं भराभरा घडी दाबायला लागल्या.

"बसायला वेळ कुठंय! द्या तसंच."

बाईंची धांदल उडाली. शेवटचा हात फिरवला, मला आतच ठेवलं, पुस्तक मिटलं, कागदात गुंडाळलं, दोरा बांधला. मी आतून जिवाच्या आकांतानं ओरडत होतो, अहो बाई, मी आत आहे! पण सांगितलं ना, मला तोंड नाही. भाऊजी मागच्या खोलीत खळ शिजवत होते. पुस्तक गेलं आणि पुस्तकाबरोबर मीही गेलो.

बसथांब्याजवळ चहा पिताना जावयांनी काम कसं झालंय ते बघायला दोरा सोडला. मी त्यांच्या मांडीवर पडलो. त्यांनी माझ्यावरचं नाव वाचलं.

"अरेच्चा, बाइंडरबाईंचं दिसतंय. परत द्यायला हवं." असं ते स्वतःशीच पुटपुटले. मी ऐकलं, म्हणून सांगतो. माणूस मुळात चोर नव्हता. त्यांनी मला शर्टाच्या खिशात घातलं. तितक्यात बस आली.

दुसऱ्या दिवशी चहा पिऊन झाला आणि त्यांच्या मोबाइलची बॅटरी संपलेली. खिशात हाताला मी लागलो. जरा थबकले, मग मला यंत्राजवळ नेलं. टुण! त्यांनी आजूबाजूला पाहिलं. चहावाल्याचं लक्ष दुधाकडे होतं. कुणी नाव विचारलं नाही, कुणी नंबर विचारला नाही. "उद्या जाऊन देऊ, चहाचे पैसेही देऊ," ते म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही.

मित्रांनो, ते तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. खिशात त्यांच्या छातीची धडधड ऐकू यायची. पहिल्या दोन-तीन वेळा ती जोरात होती. मग शांत झाली. त्याचीच मला जास्त भीती वाटली. चहा, पेट्रोल, सिनेमाचं तिकीट. एकदा बुटांच्या दुकानात गेले तेव्हा रक्कम मोठी होती. यंत्रानं चार आकडी गुप्त नंबर मागितला. जावयांच्या कपाळाला घाम फुटला. "राहू द्या, नंतर येतो," म्हणून चटकन बाहेर पडले. मला वाटलं, सुटलो! कसला सुटतोय. ते एवढंच शिकले की रक्कम लहान ठेवायची. नंतर दोनदा मित्रांबरोबर बारमध्ये गेले, तिथेही मलाच पुढे केलं. दर वेळी यंत्र विचारायचं, देतोस का, आणि मी मुकाट म्हणायचो, देतो.

तुम्ही म्हणाल, बाईंना कळलं कसं नाही? पैसे गेले की बँक लगेच मोबाइलवर मेसेज पाठवते. बरोबर आहे, पाठवतेच. माझ्या प्रत्येक टुणबरोबर मेसेज जात होता. वर लिहिलेलं असायचं, हा व्यवहार तुम्ही केला नसेल तर ताबडतोब कळवा. पण तो जायचा बाईंच्या यजमानांच्या नंबरवर. खातं बाईंचं, नंबर पहिल्यापासून यजमानांचा. ते गेल्यावर बदलायला हवा होता. बाईंना जमलं नाही. त्यांचा फोन कपाटात, त्यांच्याच स्वेटरखाली ठेवलेला. नंबर बंद पडू नये म्हणून बाई दर वेळी न चुकता रिचार्ज करायच्या, पण फोन चालू करायचा धीर काही व्हायचा नाही. बँक बिचारी सांगत होती, पण ऐकायला त्या फोनपाशी कुणी नव्हतं.

आता घरी काय झालं ते ऐका. हे मी पाहिलेलं नाही. बाईंनी पुढे बँकेत हुंदके देत सांगितलं तेव्हा त्यांच्या पर्समध्ये पडल्या पडल्या ऐकलं.

बाई पासबुक भरून घेऊन आल्या. दोन पानं बारीक बारीक खर्चांनी भरलेली. आधी वाटलं, कागद-दोऱ्याचे असतील. मग चष्मा लावून वाचायला लागल्या. पेट्रोल? घरात गाडी नाही. सिनेमा? आणि खाली दोन ठिकाणी त्या बारचं नाव. बाईंनी सगळं टेबल धुंडाळलं. कार्ड आपल्याकडे नाही, म्हणजे भाऊजींकडे आहे. आणि भाऊजींकडे आहे तर... पुढचा विचार त्यांना करवेना, आणि केल्यावाचून राहवेना.

दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. भाऊजी जवळून गेले की वास येतो का ते बघायच्या. ते हसले की वाटायचं, लपवतायत. संशय एकदा शिरला की साध्या माणसाचंही सगळंच वाकडं दिसायला लागतं. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी अंघोळीला गेले आणि बाईंनी त्यांची खुंटीवरची पिशवी काढली. कपडे बाहेर, चष्म्याची डबी बाहेर, औषधाच्या गोळ्या बाहेर. कार्ड काही मिळेना. पिशवी उलटी करून झटकत होत्या, तेवढ्यात मागे पावलं वाजली. भाऊजी ओल्या केसांनी दारात उभे.

"काय शोधताय, वहिनी?"

"कार्ड कुठंय?"

"कार्ड तुमच्याकडे आहे ना?"

"नाटकं नकोत, भाऊजी. मी पासबुक बघितलंय. बारचं नावसुद्धा आहे त्यात. माझ्या डोळ्यांत धूळ फेकताय?"

भाऊजी काही बोलले नाहीत, हे बाईंना फार लागून राहिलं होतं. भांडले असते, ओरडले असते तरी चाललं असतं. त्यांनी खाली वाकून एकेक कपडा उचलला, घडी केली, पिशवीत भरला आणि निघून गेले. टेबलावर अर्धी शिवलेली पानं तशीच राहिली. बाईंनी ते गप्प राहणं म्हणजे कबुली धरली.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोजणीदारांच्या लेकीनं कपडे धुवायला टाकताना नवऱ्याचा खिसा तपासला आणि मी तिच्या हाती लागलो.

"हे कुणाचं कार्ड?"

"ते होय? सापडलं होतं. द्यायचं राहिलं," जावई म्हणाले.

"कधी सापडलं?"

जावयांनी मोबाइलमध्ये डोकं घातलं. लेकीला काय ते कळलं. तिनं वाद घातला नाही. पर्स उचलली आणि मला घेऊन तडक बाईंच्या दारात आली.

बाई एकट्याच टेबलाशी बसल्या होत्या. लेकीनं मला पुढे ठेवलं, झालं ते न लपवता सांगितलं. सांगताना तिची मान वर होत नव्हती. "जेवढे गेले तेवढे भरून देते, बाई. आणि तुम्हाला तक्रार करायची असेल तर खुशाल करा. मी अडवणार नाही."

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी इतक्या जवळून त्यांचा चेहरा बघितला होता, पण असा कधी नाही. त्या म्हणाल्या, "पैशाचं राहू दे गं. मी काय करून बसले!"

मग बाई मला पर्समध्ये घालून बँकेत गेल्या. बँकेतल्या बाई भल्या होत्या. त्यांनी आधी मला कायमचं बंद केलं, तक्रार लिहून घेतली, आणि मग पाण्याचा पेला पुढे केला.

"कार्ड दिसेनासं झालं त्याच दिवशी फोन करायचा होतात. दिवसरात्र फोन घेतो आम्ही. तेव्हा तात्पुरतं बंद केलं असतं, सापडलं तर पुन्हा चालू करता येतं. आणि मेसेज येत नव्हते का तुम्हाला?"

बाईंनी नंबरचं सांगितलं. बँकेतल्या बाईंनी संगणकावर खातं उघडलं.

"बदलून देऊ?"

"म्हणजे त्यांचा पुसून जाणार?"

"खात्यावरून जाईल. फोन तुमच्याजवळच राहील की." मग त्यांनी हळूच समजावलं. नव्या कार्डाची नुसतं यंत्राजवळ नेऊन पैसे द्यायची सोय नको असेल तर ती बंद ठेवता येते. हवी असेल तर एका दिवसाची मर्यादा लावून घेता येते. "आणि याचे चिपमधून दोन तुकडे करून टाका," माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या.

खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला हायसं वाटलं.

भाऊजी एका छापखान्यात असल्याचं कागदवाल्याकडून कळलं. बाई तिथेच गेल्या. मी पर्समध्ये होतो, चेन अर्धी उघडी. यंत्रांचा नुसता धडधडाट. भाऊजी कागद कापायच्या मशीनवर उभे होते. त्यांनी बाईंना पाहिलं, हातातला गठ्ठा कापून पुरा केला, मगच मशीन बंद केलं.

"भाऊजी, चूक झाली माझी. कार्ड मीच त्या नकाशांच्या पुस्तकात ठेवून दिलं होतं. तुम्ही नव्हतात."

"मी नव्हतो, ते मला माहीत होतं."

"शिव्या द्या मला. काहीही बोला. पण गप्प नका राहू."

भाऊजींनी हात पुसले. पुसतच राहिले.

"वहिनी, त्या दिवशी तुमच्याकडून निघालो आणि सहा वर्षांत पहिल्यांदा दारूच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, नाव लागलंच आहे तर पिऊनच टाकू."

बाईंनी तोंडावर हात धरला. "प्यायलात?"

"नाही. तासभर उभा होतो. मग इकडे आलो."

बाई तिथेच कागदाच्या गठ्ठ्यावर बसल्या आणि लहान मुलासारख्या रडल्या. भाऊजी जवळ आले नाहीत आणि दूरही गेले नाहीत. बाईंनी डोळे पुसत मला बाहेर काढलं, त्यांच्यापुढे धरलं. "हे कापून टाका. बँकेनं सांगितलंय."

भाऊजींनी मला मशीनच्या पात्याखाली धरलं आणि परत काढलं. "छे. प्लॅस्टिकनं पातं बोथट होईल. मालक माझाच गळा कापेल." त्यांनी कात्री शोधली आणि चिपमधून माझे दोन तुकडे केले. बाई रडता रडता हसल्या. भाऊजी हसले नाहीत.

आठ दिवसांनी भाऊजी परत आले. अर्धी राहिलेली शिलाई त्यांनी पुरी केली. नव्या कार्डाला आता कपाटात एक ठरलेला कप्पा आहे, ज्यानं नेलं तो सांगून नेतो, मेसेज बाईंच्या फोनवर येतो आणि बाई तो लगेच वाचतात. सगळं कसं सुरळीत झालं, असं येणारेजाणारे म्हणतात.

मला मात्र, बाईंनी माझे तुकडे ठेवले त्या सुयांच्या उघड्या डब्यातून, वेगळंच दिसतं. भाऊजी रोज सकाळी अंघोळीला जाताना खुंटीवरची पिशवी काढतात आणि आत घेऊन जातात. बाई ते रोज बघतात आणि मान खाली घालून कागदाची घडी घालत राहतात.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझी भावंडं असतील तर त्यांना जपा. वाटेल तिथे टाकू नका. आकडा वाचल्याशिवाय यंत्राजवळ नेऊ नका. मेसेज तुमच्याच फोनवर येतोय ना, ते आजच बघा. आणि आम्ही हरवलोच, तर आधी बँकेला फोन करा, मग घरातल्या माणसांना विचारा. पण विचारा म्हणजे तोंडानं विचारा, त्यांची पिशवी उघडून नव्हे.